सचिन नाग : गंगेच्या घाटावरून आशियाई सुवर्णापर्यंत

भारतीय क्रीडाविश्वात 'सचिन' हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहते. कविवर्य रमेश तेंडुलकर यांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरील प्रेमापोटी आपल्या धाकट्या मुलाचे नाव सचिन ठेवले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तथापि या सचिनच्या जन्माआधी बावीस वर्षे, मार्च १९५१ मध्ये, नवी दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आणखी एका सचिनने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले होते. आशियाई स्पर्धांच्या इतिहासातील भारताचे पहिले सुवर्णपदक म्हणून त्याची नोंद केली जाते. त्या जलतरणपटूचे नाव सचिन नाग. जलतरणाच्या शर्यतीतील सुवर्णामुळे त्यांचे नाव नोंदवहीत राहिले. परंतु दोन ऑलिम्पिकमध्ये ते भारताकडून उतरले ते प्रामुख्याने वॉटर पोलो या सांघिक खेळात, आणि त्या खेळात भारताने ऑलिम्पिकमध्ये मिळविलेल्या विजयाचे तेच शिल्पकार होते. ही गोष्ट आज फारशी कुणाच्या स्मरणात नाही.

सचिन नाग यांचा जन्म ५ जुलै १९२० रोजी वाराणसी येथे एका बंगाली कुटुंबात झाला. १९ ऑगस्ट १९८७ रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्या नावाचे मूळ बंगाली रूप 'शचीन' असे आहे. शची म्हणजे इंद्राणी, आणि शचीचा स्वामी तो शचीन, म्हणजे इंद्र. पावसाच्या देवतेचे हे नाव एका जलतरणपटूला लाभावे, हा एक सुखद योगायोगच म्हणावा लागेल.

घाटावरची पहिली शर्यत

नाग यांच्या जलतरणाच्या प्रारंभाविषयी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. १९३० चे वर्ष. देशभर सविनय कायदेभंगाची चळवळ पेटलेली होती. वाराणसीत गंगेच्या काठी काँग्रेसची सभा भरली असता पोलिसांनी लाठीमार सुरू केला. जमावात असलेल्या दहा वर्षांच्या सचिनने लाठ्या चुकविण्यासाठी सरळ गंगेत उडी घेतली. त्याच वेळी नदीत दहा किलोमीटर पोहण्याची शर्यत सुरू होती. पोलिसांपासून दूर जाण्यासाठी हात मारता मारता हा मुलगा शर्यतीतील पोहणाऱ्यांत मिसळला, आणि अखेरीस तिसऱ्या क्रमांकाने काठाला लागला. अशा कथांवर काळाचे थर चढत जातात, हे मान्य केले तरी या हकीकतीतील एक गोष्ट निःसंशय खरी आहे. नाग यांचे पोहणे तरण तलावात नव्हे, तर वाहत्या नदीत घडले.

त्या पिढीतील बहुतेक भारतीय जलतरणपटूंचे शिक्षण असेच झाले. आपल्याकडे कोकणात, ठाणे जिल्ह्यात, भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यातही जुन्या माणसांना विचारावे. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलले जाणे, हाच त्यांचा पहिला धडा असे. कामवारी आणि उल्हास या नद्यांचे पाणी ज्या काळी अंगावर घेण्यासारखे होते, त्या काळातील ही गोष्ट. अशा पाण्यात माणूस तगून राहायला शिकतो, प्रवाहाचा अंदाज घ्यायला शिकतो, दम राखायला शिकतो. पण भिंतीवर पाय मारून वळणे, ठरावीक अंतर ठरावीक वेळात कापणे, घड्याळाशी स्पर्धा करणे या गोष्टी तलावाशिवाय येत नाहीत. नाग यांना ते शिक्षण मिळाले कलकत्त्यात.

बंगालमध्ये त्या वेळी जलतरणाची एक समृद्ध परंपरा उभी राहिली होती. कॉलेज स्क्वेअर आणि हेदुआ येथील शहरी तलाव, त्यांच्या काठावरील क्लब, दर रविवारी होणाऱ्या शर्यती आणि त्या पाहायला कठड्यावर जमणारी गर्दी, हे सारे उत्तर कलकत्त्याच्या जीवनाचा भाग होते. तरुण वयात नाग कलकत्त्याला आले आणि हाटखोला क्लबमध्ये दाखल झाले. प्रशिक्षक जामिनी दास यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १०० मीटर मुक्त शैली ही त्यांची खास शर्यत ठरली. बंगालच्या आणि पुढे राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांत त्यांचे नाव गाजू लागले. मात्र कॉलेज स्क्वेअर आणि हेदुआच्या तलावांत आणखी एक खेळ जोरात चालत असे, आणि शर्यतीत वेगवान असलेल्या प्रत्येक मुलाला त्यात ओढले जाई. तो खेळ म्हणजे वॉटर पोलो.

पाण्यातला चेंडू

वॉटर पोलोचा उगम ब्रिटनमधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील नद्या व तलावांत पाण्यातील फुटबॉलसारखा एक धसमुसळा खेळ खेळला जाई. १८७० च्या दशकात विल्यम विल्सन या स्कॉटिश जलतरण प्रशिक्षकाने त्याला नियमांची चौकट दिली. गंमत अशी की, या खेळाच्या नावातील 'पोलो' हा शब्द मात्र हिमालयाच्या कुशीतून गेलेला आहे. बाल्टी भाषेत चेंडूला 'पुलू' म्हणतात. घोड्यावरील पोलो इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला आणि त्याच शब्दाला पुढे पाणी जोडले गेले.

प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सात खेळाडू पाण्यात असतात. गोलरक्षक सोडून कोणालाही चेंडू एका वेळी दोन्ही हातांनी धरता येत नाही आणि तळाला पाय टेकविण्याची मुभा नसते. म्हणजे सामना संपेपर्यंत प्रत्येकाला पाण्यात उभे तरंगत राहावे लागते, पोहावे लागते, फेकावे लागते आणि प्रतिस्पर्ध्याची पकडही सोडवावी लागते. पाण्याखाली काय चालते ते पंचाला नेहमीच दिसते असे नाही. ज्यांनी हा खेळ खेळला आहे ते सांगतात, की वर दिसणारा सामना वेगळा आणि खाली चाललेला वेगळा.

नाग यांच्या उमेदीच्या काळात सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असे. पंचाने शिटी वाजवली की सर्व खेळाडूंनी होते तेथेच थांबायचे आणि चेंडू पुन्हा खेळात येईपर्यंत हलायचे नाही, असा जुना नियम होता. तो १९४९ मध्ये रद्द झाला आणि खेळ एकदम वेगवान झाला. चेंडू पूर्वी चामड्याचा असे. पाणी पिऊन तो दगडासारखा जड होई. अमेरिकेतील जेम्स स्मिथ या प्रशिक्षकाने १९३६ च्या सुमारास रबरी आवरणाचा, पाणी न शोषणारा चेंडू तयार केला आणि हळूहळू तो सर्वत्र रूढ झाला. हे तपशील क्षुल्लक वाटतील. पण जड चेंडू एका हाताने पाण्याबाहेर काढून गोलात मारणे म्हणजे काय, हे ध्यानी घेतल्याशिवाय त्या काळच्या गोलांची किंमत कळत नाही.

वेगवान जलतरणपटूने वॉटर पोलो खेळणे ही जगभरातील रीत होती. पुढे चित्रपटातील 'टारझन' म्हणून प्रसिद्ध झालेला अमेरिकेचा जॉनी वाइसमुलर याने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जलतरणात तीन सुवर्णपदके मिळविली आणि त्याच स्पर्धेत वॉटर पोलोच्या संघातून कांस्यपदकही जिंकले. नाग यांचा समकालीन असलेला वॉली वुल्फ हा अमेरिकन खेळाडू तर या बाबतीत नमुनेदार म्हणावा असा आहे. लॉस एंजेलिसचा हा मुलगा सतराव्या वर्षी लंडनला गेला, ४ बाय २०० मीटर रिले शर्यतीत विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकून परतला, आणि पुढे १९५६ व १९६० च्या ऑलिम्पिकमध्ये वॉटर पोलोपटू म्हणून उतरला. पुढे तो वकील झाला. वुल्फच्या मागे महाविद्यालयीन तलाव, पगारी प्रशिक्षक आणि वर्षभराचा सराव होता. त्याच लंडनमध्ये भारतीय संघातून उतरलेल्या सचिन नाग यांच्या मागे काय होते, ते आता पाहू.

हरवलेली वर्षे आणि एक गोळी

जलतरणात खेळाडूची सर्वोत्तम वर्षे लवकर येतात आणि लवकर जातात. नाग वीस वर्षांचे होते तेव्हा १९४० चे ऑलिम्पिक महायुद्धामुळे रद्द झाले. ते चोवीस वर्षांचे झाले तेव्हा १९४४ चेही ऑलिम्पिक झाले नाही. ज्या वयात त्यांनी जगापुढे उभे राहायचे, त्या वयात जगाने स्पर्धाच बंद ठेवल्या होत्या. युद्ध संपले तोवर बंगाल १९४३ च्या दुष्काळातून गेला होता. पाठोपाठ १९४६ पासून कलकत्त्यात जातीय दंगलींचे सत्र सुरू झाले.

१९४७ मध्ये अशाच एका दंगलीत नाग सापडले आणि त्यांच्या पायात गोळी लागली. रुग्णालयात त्यांना दीर्घकाळ राहावे लागले. पूर्ण बरे व्हायला दोन वर्षे लागतील, असे डॉक्टरांचे मत पडले. लंडन ऑलिम्पिकला तर जेमतेम वर्षभर उरले होते. जलतरणात वेग येतो तो केवळ हातांमुळे नव्हे. पायांचा सततचा मारा शरीर पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवतो, आणि वॉटर पोलोत तर पायांच्या बळावरच खेळाडू कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळतो. पायाला गोळी लागलेल्या जलतरणपटूने कारकीर्द संपली असे मानले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. नाग यांनी तसे मानले नाही. डॉक्टरांनी घातलेली मुदत निम्म्यावर आणून ते पुन्हा पाण्यात उतरले आणि १९४८ च्या उन्हाळ्यात ऑलिम्पिक संघात त्यांची निवड झाली.

निवड झाली तरी प्रश्न पैशांचा होता. स्वतंत्र भारताची ही पहिलीच ऑलिम्पिक स्पर्धा, पण खेळाडूला परदेशी पाठविण्याची पुरेशी तजवीज सरकारदरबारी नव्हती. ज्याने त्याने आपापली सोय पाहावी, असाच प्रकार होता. नाग यांच्यासाठी कलकत्त्यात निधी जमविण्यात आला आणि त्यासाठी तरुण गायक हेमंत मुखोपाध्याय यांनी गाणी म्हटली. हेच पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत हेमंतकुमार म्हणून नावारूपाला आले. मराठी रसिकांना त्यांचा आवाज लता मंगेशकरांसोबत गायलेल्या कोळीगीतांमुळे घरचा वाटतो.

या ठिकाणी मराठी वाचकाला खाशाबा जाधव यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल त्याच १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उतरला होता, तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीमुळे. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून त्यांना ७ हजार रुपये उभे करून दिले. कोल्हापुरात प्राचार्यांचे घर, कलकत्त्यात गायकाचा गळा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिकपटूंचा प्रवासखर्च अशा रीतीने उभा राहिला आहे. खाशाबांची कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते. नाग यांची कथा बंगालबाहेर फारशी आली नाही.

लंडन : सातपैकी चार

लंडनमध्ये जलतरणाच्या मुख्य स्पर्धा वेम्बलीच्या एम्पायर पूलमध्ये झाल्या. वॉटर पोलोचे काही प्राथमिक सामने फिंचली येथील उघड्या तलावातही खेळविले गेले. १०० मीटर मुक्त शैलीत नाग यांचे आव्हान प्राथमिक फेरीतच संपले, यात आश्चर्य काहीच नव्हते. या शर्यतीचे सुवर्णपदक अमेरिकेच्या वॉली रिस याने ५७.३ सेकंदांत पटकाविले. अडीच वर्षांनंतर नाग यांनी दिल्लीत आशियाई सुवर्ण जिंकले ते १ मिनिट ४.७ सेकंद या वेळेत. सात सेकंदांहून अधिक असा हा फरक जलतरणात प्रचंड मानला जातो. भारतीय जलतरण तेव्हा जगाच्या किती मागे होते, ते या दोन आकड्यांवरून कळते आणि ते लपविण्याचे कारण नाही.

वॉटर पोलोत मात्र वेगळेच घडले. भारतीय संघात बंगालच्या खेळाडूंचा भरणा होता. गोरा सील, समरेंद्र चॅटर्जी, अजय चॅटर्जी, सुहास चॅटर्जी, दुर्गा दास अशी नावे त्या यादीत आढळतात. त्यांच्या जोडीला मुंबईचा आयझॅक मन्सूर होता. मुंबईतील ज्यू समाजातून आलेला हा तरुण नाग यांच्याप्रमाणेच जलतरण आणि वॉटर पोलो असे दोन्ही गाजवणारा खेळाडू होता आणि पुढे हेलसिंकीलाही गेला. या संघाने चिलीचा ७-४ असा पराभव केला. भारताच्या सात गोलांपैकी चार गोल एकट्या सचिन नाग यांचे होते. वर्षभरापूर्वी पायात गोळी लागलेल्या माणसाचे!

पुढच्या सामन्यांत युरोपीय संघांपुढे भारताचा टिकाव लागला नाही आणि मोठ्या फरकाने पराभव पत्करावे लागले. त्या वर्षी इटलीने सुवर्ण, हंगेरीने रौप्य आणि नेदरलँड्सने कांस्यपदक मिळविले. लंडनच्या आपल्या आठवणी साहजिकच हॉकीच्या आहेत. १२ ऑगस्ट १९४८ रोजी भारताने ब्रिटनला त्यांच्याच भूमीवर ४-० असे हरविले. त्या झळाळीत चिलीवरील हा विजय पार झाकोळून गेला. वास्तविक वॉटर पोलोत भारत १९४८ आणि १९५२ अशा दोनच ऑलिम्पिकमध्ये खेळला आहे. त्यानंतर भारतीय संघ या खेळात ऑलिम्पिकला पात्रच ठरलेला नाही. त्यामुळे त्या ७-४ चे मोल आणि त्यातील चार गोलांचे मोल, दोन्ही आजही कायम आहे.

दिल्ली, १९५१

पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा ४ ते ११ मार्च १९५१ या काळात नवी दिल्लीत भरली. अकरा देश सहभागी झाले. ४ मार्चला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नाग यांचे वय त्या वेळी तीस वर्षे आठ महिने होते. शंभर मीटरच्या शर्यतीसाठी हे वय उताराचे मानले जाते. तरीही १०० मीटर मुक्त शैलीत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला.

या यशाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी सांगावयास हव्यात. जलतरणात आशियातील महासत्ता असलेल्या जपानचे जलतरणपटू दिल्लीच्या पाण्यात नव्हते, हे खरे. पण सिंगापूरचा निओ च्वी कोक होता. त्याने ४००, ८०० आणि १५०० मीटर या तिन्ही मुक्त शैलीच्या शर्यती जिंकल्या आणि रिलेचेही सुवर्ण मिळविले. मुक्त शैलीत त्याच्या आणि सिंगापूरच्या वर्चस्वाला जेथे खिंडार पडले, ती एकमेव शर्यत नाग यांची. पंतप्रधान नेहरूंनी शर्यतीनंतर आपल्या कोटावरचा गुलाब काढून नाग यांना दिला, अशी एक आठवणही सांगितली जाते.

नाग यांनी या स्पर्धेत आणखी दोन पदके मिळविली. ४ बाय १०० मीटर मुक्त शैली रिलेत त्यांना आयझॅक मन्सूर, बिमल चंद्र आणि शंभू साहा यांच्या साथीने कांस्यपदक मिळाले. ३ बाय १०० मीटर मिश्र रिलेत कांती शहा व जहांगीर नायगमवाला यांच्यासह आणखी एक कांस्यपदक मिळाले. सूर मारण्याच्या दोन्ही प्रकारांत के. पी. ठक्कर यांनी सुवर्णपदके जिंकली आणि वॉटर पोलोत भारतीय संघाने सुवर्ण, तर सिंगापूरने रौप्यपदक मिळविले. वॉटर पोलोत संघच इतके मोजके होते की कांस्यपदकाची नोंद नाही. भारताने त्या स्पर्धेत एकूण १५ सुवर्ण, १६ रौप्य आणि २० कांस्यपदके मिळवून जपानखालोखाल दुसरे स्थान पटकाविले.

त्या वेळी कोणालाही वाटले असते की ही तर सुरुवात आहे. प्रत्यक्षात तो कळस ठरला. वॉटर पोलोत पुढे १९७० साली बँकॉकमध्ये भारताला रौप्य आणि १९८२ साली दिल्लीत कांस्यपदक मिळाले. जलतरणात तर तब्बल पस्तीस वर्षे पदकच नव्हते. १९८६ मध्ये सोलला खजानसिंग याने २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यानंतर पुन्हा चोवीस वर्षांचा दुष्काळ, आणि २०१० मध्ये ग्वांगझूला कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक जिंकले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने आनंद साजरा केला. २०१४ मध्ये संदीप सेजवालने ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्यपदक मिळविले. सुवर्ण मात्र २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत एकदाही आले नाही. वीरधवलच्या पदकाच्या बातम्या वाचणाऱ्यांपैकी किती जणांना १९५१ चे ते नाव आठवले असेल?

हेलसिंकी आणि नंतर

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये नाग वॉटर पोलो संघात होते. शिटी झाली की थांबण्याचा नियम गेल्याने खेळ आता पूर्णपणे बदलला होता. सतत पोहणारे, ताज्या दमाचे युरोपीय संघ आणि भारतीय संघ यांतील अंतर लंडनपेक्षाही वाढले होते. भारताला विजय मिळाला नाही. हंगेरीने सुवर्णपदक जिंकले आणि पुढील काही दशके या खेळावर त्या देशाची छाप राहिली. नाग यांची ऑलिम्पिक कारकीर्द तेथे संपली.

परंतु हेलसिंकीच्या त्या भारतीय पथकात नाग यांच्या कर्तृत्वाचा आणखी एक पुरावा होता. तो पुरावा म्हणजे अकरा वर्षांची आरती साहा. २४ सप्टेंबर १९४० रोजी जन्मलेली ही मुलगी कलकत्त्याच्या चांपातला घाटावर पोहायला शिकली. तिची ओढ पाहून वडिलांनी तिला हाटखोला क्लबमध्ये घातले आणि तेथे सचिन नाग यांच्या नजरेने तिच्यातील गुण हेरले. १९४६ मध्ये, पाच वर्षांची असताना, तिने ११० यार्डांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. १९४८ मध्ये मुंबईत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने दोन रौप्य आणि एक कांस्यपदक पटकाविले. तेव्हा ती आठ वर्षांचीही पुरती नसावी वा नुकतीच झालेली असावी. पुढे १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मुंबईच्या डॉली नाझीर हिचा राष्ट्रीय विक्रम तिने मोडला, आणि हेलसिंकीला या दोघीही एकत्र गेल्या.

नाग स्वतः लंडनच्या तयारीत असताना, पायाच्या जखमेतून सावरत असताना, त्याच काळात ते या चिमुरडीला घडवीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या प्रशिक्षकपणाचे मोल कळते. २९ सप्टेंबर १९५९ रोजी आरती साहा यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून १६ तास २० मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली. खाडी पोहून जाणारी ती आशियातील पहिली महिला ठरली. १९६० मध्ये भारत सरकारने तिला पद्मश्रीने गौरविले.

गौरवाची गोष्ट

शिष्येला पद्मश्री मिळाली, तेव्हा गुरूंच्या वाट्याला काय आले होते? अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ मध्ये. जलतरणातील पहिला अर्जुन पुरस्कार त्याच वर्षी बजरंगी प्रसाद यांना मिळाला. नाग यांचे पराक्रम दशकभर आधीचे. चालू कामगिरीकडे पाहणाऱ्या पुरस्काराच्या चौकटीत ते बसले नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याने आशियाई स्पर्धेत देशाला पहिले सुवर्ण दिले, त्याच्यासाठी पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे कोणत्याही पद्म पुरस्काराच्या यादीत जागा होऊ नये, हे समजण्यासारखे नाही. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धा पुन्हा दिल्लीत भरल्या, नवे तरण तलाव बांधले गेले, देशभर रंगीत दूरचित्रवाणीचा गाजावाजा झाला. पहिल्या स्पर्धेचा पहिला सुवर्णपदकविजेता तेव्हा हयात होता. पाच वर्षांनी तो गेला, आणि त्यानंतर बराच काळ त्याच्या कुटुंबीयांनाच सरकारदरबारी अर्ज-विनंत्या करीत राहावे लागले.

येथेही खाशाबांशी असलेले साम्य नजरेत भरते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. त्यांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक जिंकणाऱ्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या खेळाडूला आजवर पद्म पुरस्कार मिळालेला नाही. एक तांबड्या मातीतला, दुसरा गंगेच्या पाण्यातला. दोघांनाही जिवंतपणी लोकांनी मदत केली.

क्रीडाक्षेत्रातील आजीवन कार्यासाठी केंद्र सरकारने २००२ मध्ये ध्यानचंद पुरस्कार सुरू केला होता. नाग यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२० मध्ये, त्या पुरस्काराच्या यादीत पंधरा नावे होती. बॅडमिंटनपटू प्रदीप गंधे व तृप्ती मुरगुंडे, टेनिसपटू नंदन बाळ ही महाराष्ट्राची मंडळी त्यात होती आणि याच यादीत जलतरणासाठी 'कै. सचिन नाग' असे एक नाव होते. करोनाच्या साथीमुळे २९ ऑगस्टचा तो सोहळा दूरदृश्य प्रणालीद्वारे पार पडला. नाग यांच्या निधनाला त्या दिवशी तेहेतीस वर्षे आणि दहा दिवस झाले होते.